ग्राउंडकव्हर की सदाहरित झाड? मुंबईतील सोसायटीच्या बागेसाठी निर्णयापासून लागवडीपर्यंत

मुलुंडमधील आमच्या सोसायटीच्या मागील बाजूस, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये, सुमारे दीडशे चौरस मीटरची मोकळी जागा आहे. गेल्या अकरा वर्षांत ती आम्ही तीन वेळा लावली. पहिल्यांदा हिरवळ अंथरली, ती एका वर्षात पिवळी पडून मेली. दुसऱ्यांदा वेडेलिया ही जमिनीवर पसरणारी वनस्पती लावली, ती इतकी माजली की ती काढण्यात दोन पावसाळे गेले. तिसऱ्यांदा आधी बकुळीची दोन झाडे लावली, मग त्यांच्या भोवतालची जमीन झाकली, आणि ती बाग आजही चांगली आहे. बागेचे काम नव्याने अंगावर घेतलेल्या समिती सदस्यांना आमच्या चुका पुन्हा कराव्या लागू नयेत, म्हणून हा क्रम सविस्तर लिहून काढत आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. जागेत झाड मावत असेल तर आधी झाडाचा निर्णय करावा आणि त्या झाडाची सावली पाच-सात वर्षांनी कुठवर जाईल हे धरून ग्राउंडकव्हर निवडावे. उलट क्रमाने गेल्यास एक तर झाडासाठी जागाच उरत नाही, नाही तर आधी लावलेली रोपे झाडाखाली अंधारात मरतात.

१. दोन्हींकडून काय मिळते ते समजून घ्या

ग्राउंडकव्हर म्हणजे जमिनीलगत पसरून माती झाकणारी रोपे. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उघडी माती त्या माऱ्याने गटारात वाहून जाते, भिंतीवर चिखलाचे शिंतोडे उडतात, उरलेली माती दगडासारखी घट्ट होते. ही रोपे तो मार स्वतःवर घेतात, तण दाबतात आणि उन्हाळ्यात माती थंड ठेवतात. पावसाळ्यात लावली तर तीन-चार महिन्यांत जमीन झाकली जाते, आणि निवड चुकली तर पुढच्या वर्षी बदलता येते.

सदाहरित झाडाचे गणित वेगळे आहे. बकुळीसारखे झाड खऱ्या अर्थाने सावली द्यायला आठ-दहा वर्षे घेते, पण नंतर ते दोन पिढ्या उभे राहते. त्याची जागा मात्र चुकली तर ती दुरुस्त करता येत नाही.

एक गैरसमज आधीच दूर करावा. सदाहरित झाडाची पाने गळत नाहीत असे समजून अनेक जण ते मागतात. पाने त्याचीही गळतात. फक्त ती एकदम न गळता वर्षभर थोडीथोडी गळतात आणि झाड कधी बोडके दिसत नाही. त्यामुळे झाडलोट कमी होईल या आशेने सदाहरित झाड लावू नये. त्याची सावली बाराही महिने राहते, हा त्याचा खरा गुण आहे आणि खालच्या रोपांसाठी खरी अडचणही तीच आहे.

२. जागा वर्षभराच्या नजरेने पाहा

आमची हिरवळ का मेली याचे उत्तर सूर्याच्या वाटेत होते. आमची जागा इमारतीच्या उत्तरेला आहे. आम्ही ती मे महिन्यात पाहिली तेव्हा दुपारी तेथे लख्ख ऊन होते, म्हणून हिरवळीचा बेत पक्का केला. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि त्या दोन तारखांच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरमध्ये मात्र तो दक्षिणेकडे इतका कलतो की दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर राहतो; दहा मजल्यांच्या, म्हणजे सुमारे ३० मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेला २७ मीटरपर्यंत पडते. उन्हाचे जे काही महिने आमच्या वाट्याला येणार होते त्यांतले जून-जुलै ढगाखाली गेले, आणि दिवाळीपासून जागा पूर्ण सावलीत गेली. हिरवळीला दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन लागते. तिला दिवाळीनंतर एक तासही मिळाले नाही.

म्हणून मे आणि डिसेंबर या दोन्ही महिन्यांत, सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन आणि संध्याकाळी पाच वाजता जागेचे फोटो काढून ठेवावेत. सहा महिने थांबणे शक्य नसेल तर निदान इमारतीच्या कोणत्या बाजूस आपण उभे आहोत ते मोबाइलमधील होकायंत्रावर पाहावे आणि उत्तरेची जागा असेल तर ती सावलीची धरूनच चालावे.

जमिनीखाली काय आहे हे पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे. आम्ही नकाशा न पाहता खड्डा सुरू केला आणि दोन फुटांवर पहारीचा घाव पाण्याच्या पाइपावर बसला. दोन विंगांचे पाणी दिवसभर बंद राहिले आणि बागेच्या कामाला विरोध करणाऱ्यांची संख्या त्या एका दिवसात वाढली. पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन, चेंबर, भूमिगत टाकी, विजेची केबल, गॅसचा पाइप, हे सर्व कागदावर खुणा करून घेतल्याशिवाय कुदळ उचलू नये.

त्यानंतर माती पाहावी. मुंबईतील बहुतेक सोसायट्यांत वर वीतभर लाल माती असते आणि तिच्याखाली बांधकामाच्या वेळचे डेब्रिज: विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, प्लास्टर. ग्राउंडकव्हर वीतभर मातीवर निभावून नेते, झाड नेत नाही. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसरे पाणी काही तासांत उतरले तर जागा ठीक आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच दिसले तर तेथे झाडाची मुळे पावसाळ्यात कुजतील हे निश्चित समजावे.

३. झाड लावायचे का आणि कोणते, ते ठरवा

काही जागांवर झाडाचा विचारच करू नये. पार्किंगच्या स्लॅबवरील पोडियमची बाग, भूमिगत टाकीच्या वरची जागा, चेंबरच्या रांगेलगतची पट्टी आणि अग्निशमन दलाच्या गाडीचा मार्ग या त्या जागा. पोडियमवर मातीचा थर उथळ असतो, ओल्या मातीचे वजन स्लॅबवर येते आणि मुळे वॉटरप्रूफिंगमध्ये शिरली की खालच्या गाड्यांवर पाणी ठिबकू लागते. अशा ठिकाणी मुकाट्याने ग्राउंडकव्हर आणि कुंड्या निवडाव्यात.

जागा योग्य असेल तर इमारतीपासून किमान पाच मीटर आणि कंपाउंडच्या भिंतीपासून किमान तीन मीटर अंतर ठेवावे, असे मी अनुभवाने सांगेन. आज हातभर दिसणारे रोप दहा वर्षांनी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी येणार आहे, आणि तेव्हा तेथे राहणाऱ्याची तक्रार रास्तच असेल.

बकूळ ही माझी पहिली पसंती. ती सावकाश वाढते, डोक्याचा घेर आटोपशीर आणि दाट असतो. तिची फुले पहाटे गळतात. नखाएवढी, मातकट पांढरी, चांदणीसारखी, मधोमध बारीक भोक असलेली, म्हणून सुईशिवायही दोऱ्यात ओवता येतात. आमच्याकडे सकाळी फिरायला येणाऱ्या आज्या ती पदरात वेचून नेतात आणि सुकल्यावरही त्यांचा वास पुस्तकात, कपाटात दरवळत राहतो. झाड फुलू लागल्यावर बागेला झालेला विरोध ज्या वेगाने मावळला तो मी स्वतः पाहिला आहे.

अर्धसावलीची, ओलसर जागा असेल तर सीता अशोक लावावा. येथे नर्सरीत हमखास फसगत होते, कारण 'अशोक' म्हणून मागितल्यावर उंच, सरळसोट वाढणारा आसुपालव हातात पडतो. आसुपालवाचे पान एकेकटे, लांब आणि कडेने लाटांसारखे असते. सीता अशोकाच्या एका देठावर पानांच्या अनेक जोड्या असतात आणि कोवळी पालवी तांबूस, मऊ, लोंबती असते. एवढे पाहिले तरी चूक टळते. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्राकाठच्या भागांत खारा वारा सोसणारी उंडी किंवा परसभेंडी घ्यावी; ही झाडे मूळचीच किनाऱ्याची आहेत. सुरंगीचा सुगंध ज्याने कोकणात अनुभवला आहे त्याला ती हवीशी वाटणारच, परंतु ती फार सावकाश वाढते आणि रोप मिळवायला शोध घ्यावा लागतो.

वड, पिंपळ, नांदरूक आणि शोभेचे फायकस सोसायटीच्या आवारात भिंतीजवळ लावू नयेत. त्यांची मुळे चेंबर आणि पाया शोधत जातात. जांभूळ उत्तम झाड आहे, पण पार्किंगवर नको. सप्तपर्णीचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील रात्रीचा वास अनेकांना सहन होत नाही, म्हणून शयनगृहांच्या खिडक्यांखाली तीही नको.

निवड करण्यापूर्वी भायखळ्याच्या राणीच्या बागेत एक सकाळ घालवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. १८६२ साली सुरू झालेल्या या बागेत पूर्ण वाढलेली जुनी झाडे पाहता येतात. नर्सरीतील पिशवीतले रोप पाहून जे समजत नाही ते वाढलेल्या झाडाच्या बुंध्याशी पाच मिनिटे उभे राहिल्यावर समजते. बाग बुधवारी बंद असते.

४. ग्राउंडकव्हर निवडताना वेगाला भुलू नका

पाव मीटर अंतराने रोपे लावली तर एका चौरस मीटरला सोळा रोपे लागतात. आमच्या दीडशे चौरस मीटरला चोवीसशे. हा आकडा ऐकल्यावर समिती दचकते आणि ठेकेदार स्वस्त, झटपट पसरणारी वेडेलिया सुचवतो. आमच्याकडे नेमके हेच झाले. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील ही पिवळ्या फुलांची वनस्पती जगातील सर्वाधिक उपद्रवी अशा शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे, हे आम्हाला नंतर कळले.

ती काढताना तिच्या खोडाचा एक दोर हातात धरून हळूहळू ओढला. हाताएवढ्या लांबीत सात पेरे होती आणि प्रत्येक पेराखाली पांढऱ्या मुळांचा झुपका मातीत रुतलेला होता. दोर तुटला की प्रत्येक तुकडा स्वतंत्र रोप होतो. उपटलेला ढीग आम्ही भिंतीशी टाकला होता, तो जूनच्या पहिल्या पावसात पुन्हा हिरवा झाला. आपल्या जागेत ती आधीच असेल तर मे महिन्यात, माती कोरडी असताना उपटावी, सिमेंटच्या लादीवर पसरून पूर्ण वाळवावी आणि त्यानंतरच तिची विल्हेवाट लावावी.

उन्हाच्या जागेसाठी मी अरॅकिस सुचवतो. भुईमुगाच्या जातकुळीची ही वनस्पती पिवळी फुले देते, हवेतील नत्र मातीत धरते आणि थोडी सावलीही सोसते. सावलीत स्पायडर प्लांट, रिओ आणि नेचे चांगले चालतात. रिओच्या चिकाने त्वचेला खाज सुटते, म्हणून माळ्याला हातमोजे द्यावेत. नळाजवळच्या सदैव ओल्या कोपऱ्यात ब्राह्मी किंवा मंडूकपर्णी लावावी. दोन्ही 'ब्राह्मी' या एकाच नावाने विकल्या जातात: गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे पान मंडूकपर्णीचे, तर बारीक, मांसल पान ब्राह्मीचे. समुद्रकाठच्या रेताड जागेत आपल्या किनाऱ्यांवरची मर्यादवेल लावता येते.

सिंगोनियम सावलीत सुंदर पसरते, पण बुंधा मिळताच त्यावर चढते. वर गेल्यावर त्याची पाने आकाराने वाढतात आणि तरुण झाडाची पालवी झाकून टाकतात. झाड असलेल्या जागेत ते लावूच नये.

५. कागदपत्रे आणि परवानग्या

सोसायटीच्या आतील कामासाठी पुढील कागद एका फाइलमध्ये ठेवावेत:

- आवाराचा मंजूर नकाशा
- पाणी व ड्रेनेज लाइनचा आराखडा
- व्यवस्थापन समितीचा ठराव. मोठा खर्च असल्यास सर्वसाधारण सभेचा
- आवारातील सध्याच्या प्रत्येक झाडाची क्रमांकवार यादी, फोटोसह

शेवटची यादी अनेकांना अनावश्यक वाटते. आवारात जुने झाड असेल आणि नव्या बागेसाठी ते हलवावे, छाटावे असे कोणी सुचवत असेल, तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. झाड सोसायटीच्या खासगी जागेत असले तरी ते तोडायला परवानगी लागते, आणि तोडणे या शब्दात कायद्याने जाळणे, कापणे व कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे हे सर्व धरले आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला. फांद्यांच्या छाटणीसाठी महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान विभागाकडे अर्ज करावा. आम्ही सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, ठरावाची प्रत, झाडाचे फोटो आणि जागेचा हाताने काढलेला नकाशा दिला होता. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची गर्दी एप्रिल-मेमध्ये असते, म्हणून अर्ज जानेवारीतच द्यावा. कंपाउंडच्या बाहेरील फूटपाथवर स्वतःहून काहीही लावू नये.

६. साहित्य

पहार, कुदळ, फावडे, घमेली, खुरपी, झारी किंवा लांब नळी, छाटणीची कात्री. लाल माती, चांगले कुजलेले शेणखत, निंबोळी पेंड, प्रत्येक झाडाला दोन बांबू आणि काथ्याची दोरी. शेणखत हातात घेऊन पाहावे. गरम लागले किंवा उग्र वास आला तर ते कच्चे आहे आणि कोवळी मुळे जाळील.

७. लागवड

झाडाचा खड्डा मे महिन्यात, एक मीटर लांब, रुंद आणि खोल खणावा, त्यातील डेब्रिज पूर्ण बाहेर काढावे आणि खड्डा दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्यावा. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती खोलवर भिजली की खड्ड्यात वर सांगितलेली लाल माती, शेणखत आणि पेंड भरून झाड लावावे.

पिशवी फाडल्यावर घाई करू नये. रोप बरेच दिवस नर्सरीत राहिले असेल तर मुळे पिशवीच्या आतून गोल गोल फिरलेली दिसतात. ती तशीच पुरली तर जमिनीतही गोलच फिरत राहतात, आणि दहा वर्षांनी वादळात झाड मुळासकट उलटते. अशी मुळे बोटांनी मोकळी करावीत, जाड गुंडाळी असेल तर कात्रीने दोन-तीन ठिकाणी छेद द्यावा. खोड आणि मुळे जिथे मिळतात तो भाग जमिनीच्या पातळीतच राहावा. खोडाभोवती मातीचा ढीग रचण्याची माळ्यांची सवय आहे, ती ठामपणे थांबवावी. दोन्ही बाजूंना बांबू रोवून दोरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, सैलसर बांधावी. लोखंडी ट्री गार्ड बसवला तर तो काढण्याची तारीख फाइलमध्ये लिहावी, कारण विसरलेले गार्ड खोडात रुतलेले मी अनेक रस्त्यांवर पाहिले आहेत.

ग्राउंडकव्हर जुलैच्या धो धो पावसात लावू नये. लहान रोपे उघडी पडून वाहून जातात. ऑगस्टच्या अखेरीपासून, गणपतीच्या आसपास जोर ओसरला की लावावे, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हापूर्वी ती मूळ धरतात. झाडाच्या खोडापासून दोन फूट घेर मोकळा ठेवून त्यात फक्त वाळका पालापाचोळा पसरावा, तोही खोडाला चिकटू न देता. नव्या झाडाच्या वाट्याचे पाणी आणि खत ही रोपे सहज पळवतात. इमारतीच्या जोत्यालगत आणि गटाराच्या तोंडाशीही फूटभर पट्टी उघडी ठेवावी, म्हणजे उंदरांची बिळे नजरेस पडतात.

८. पहिली पाच वर्षे

पहिल्या उन्हाळ्यात झाडाला दर तिसऱ्या दिवशी पंधरा-वीस लिटर पाणी, नळी बारीक सोडून, सावकाश द्यावे. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, तिसऱ्यात एकदा. रोज झारीभर पाणी घातल्यास मुळे वरच्या थरातच राहतात. ग्राउंडकव्हरला मात्र ऑक्टोबर ते मे थोडे आणि वरचेवर पाणी लागते. दोन्हींना एकाच नळीने, एकाच वेळी भिजवणाऱ्या माळ्याला हा फरक जागेवर उभे राहून दाखवावा.

पावसाळ्यात दर आठवड्याला रोपे हाताने बाजूला सारून आत पाहावे. दाट पानांखाली चहाचे कप, बाटल्यांची झाकणे, नारळाच्या करवंट्या लपतात, आणि त्यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. डासांची तक्रार आली की पहिली कुऱ्हाड बागेवर पडते, म्हणून हे काम एका सदस्याच्या नावावर लिहून द्यावे.

झाडलेला पाला कचऱ्याच्या गाडीत किंवा आगीत जाऊ देऊ नये. तो खोडाभोवतीच्या घेरात टाकण्यास सफाई कर्मचाऱ्यांना सांगावे.

चौथ्या-पाचव्या वर्षी झाडाचा घेर वाढतो आणि त्याखालचे अरॅकिस विरळ होऊ लागते, फुले कमी येतात, मधून माती दिसते. रोग समजून त्यावर औषध फवारू नये. तेथील रोपे पावसाळ्यात उचलून घेराबाहेरच्या उन्हात लावावीत, आणि मोकळ्या झालेल्या जागी स्पायडर प्लांटची पिल्ले टोचावीत. पहिल्या वर्षी लावलेल्या चार-पाच रोपांवर तोपर्यंत ती शेकड्याने लोंबत असतात, विकत आणावी लागत नाहीत. ही टोचणी करताना खोल खणू नये, कारण झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळे वरच्या हातभर मातीतच असतात. खुरपीऐवजी बोटाने भोक पाडले तरी पुरते.